बिनआवाजी संगणक, बेताच्या खर्चांत

मागील महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. घरीं नवा संगणक घ्यावयाचा आहे, पैसा बेताचाच आहे, आणि यंत्र ठेवावयाचें तें वृद्ध मंडळी निजतात त्याच खोलींत. तेव्हां भाग निवडून घरींच जुळवावयाचें झाल्यास कोणते निवडावेत, म्हणजे यंत्राचा उपद्रव होणार नाहीं, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्र वाचून आम्ही थोडे खजील झालों. कारण अगदीं हाच प्रश्न आमच्या नंदाखालच्या घरांत दोन वर्षें मुकाट्यानें उभा होता, आणि तो आम्हांस दिसला नव्हता. म्हणून उत्तर देण्यापूर्वीं ती हकीकत सांगतों. तिच्यांतूनच उत्तरहि बरेंचसें निघेल.

आमचें घर जुन्या पद्धतीचें आहे. पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें स्वयंपाकघर, आणि त्यापलीकडे विहीर व केळींची वाडी. पुतण्याची पत्नी, म्हणजे आमची सूनबाई, घरचें सारें आटोपून रात्रीं दहानंतर एक-दीड वाजेपर्यंत दोन व्यापाऱ्यांचे हिशेब संगणकावर लिहिते. त्या मिळकतींतून नातीच्या शिकवणीचा खर्च निघतो. यंत्र माजघरांत, कारण इन्व्हर्टरची जोडणी व इंटरनेटची तार तेवढ्याच भिंतीशीं आहे. त्याच माजघरांत आमच्या वहिनी निजतात. त्यांचें वय एक्याऐंशी, आणि झोंप अत्यंत सावध.

जुनें यंत्र बारा वर्षांचें होतें. चालू केलें कीं त्याची पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू होई. उन्हाळ्यांत डोक्यावरचा पंखा तो आवाज झांकून टाकी. परंतु पावसाळ्यांत पंखा बंद झाला म्हणजे घरांत दुसरा आवाज नसे, आणि ती घरघर चारी भिंतींतून ऐकूं येई. आमची खोली माडीवर; आम्ही आपले स्वस्थ निजत असूं.

२०२५ च्या श्रावणांत एके रात्रीं आम्ही पाणी पिण्यासाठीं खालीं उतरलों, तों वहिनी ओटीवर घोंगडी पांघरून निजलेल्या. समुद्राकडचा ओला वारा थेट अंगावर येत होता. आम्हीं विचारिलें, "वहिनी, येथें कां निजलांत?" त्या म्हणाल्या, "आंत उकडतें, भावजी." त्या गार रात्रीं 'उकडतें' याचा अर्थ समजण्यास फारशी विद्वत्ता नको होती. दुसरे दिवशीं सूनबाई हळूच म्हणाली, "काका, हें रात्रीचें काम मी सोडून देऊं का? आईंना झोंप लागत नाहीं, आणि त्या तोंडानें बोलायच्या नाहींत." चौकशीअंतीं कळलें कीं, वहिनींचा ओटीवरील मुक्काम दोन पावसाळे चालला होता. एकीनें तक्रार केली नाहीं. दुसरीनें कळतांच हातचें काम टाकून द्यावयाचें ठरविलें. आणि दोघींच्या मध्यें काय, तर वीतभरहि रुंदी नसलेला एक जीर्ण पंखा! एकत्र कुटुंबांत असे आवाज पुष्कळ असतात. ते कानीं सर्वांच्याच पडतात, पण सोसावे लागतात ते न बोलणाऱ्या माणसास.

आमची पहिली चूक

सूनबाईस आम्हीं सांगितलें कीं, काम सोडण्याचें कारण नाहीं, यंत्राचाच बंदोबस्त करूं. आणि बंदोबस्त म्हणून काय केलें? यंत्र उचलून भिंतींतील लांकडी कपाटांत ठेविलें, तारांपुरती फट राखिली आणि दार लोटून घेतलें. पहिलीं दहा मिनिटें घरांत आमचें कौतुक झालें. अर्ध्या तासानें कपाटांतून पूर्वींपेक्षां मोठा आवाज येऊं लागला, आणि तिसरे रात्रीं तर हिशेब अर्धा झाला असतां यंत्र आपोआप बंद पडलें. सूनबाईचें दोन तासांचें काम पाण्यांत गेलें. दार उघडून पाहतों तों आंत भट्टीसारखी धग!

येथें आमचें अर्धवट शहाणपण उघडें पडलें, परंतु एक धडाहि मिळाला. आवाज कोंडावयास गेलों आणि उष्णता कोंडली. उष्णता वाढली म्हणून पंखे अधिक वेगानें फिरले, आणि तेहि पुरेनासें झालें तेव्हां यंत्रानें जीव वांचविण्यासाठीं स्वतःस बंद केलें.

आवाजाचें मूळ उष्णतेंत

नैयायिक शब्दाला आकाशाचा गुण मानतात, आणि त्याचे ध्वनि व वर्ण असे दोन भेद करितात. आजचें पदार्थविज्ञान आकाशाच्या जागीं हवेचीं कंपनें सांगतें. तें कसेंहि असो. संगणकाचा आवाज हा निव्वळ ध्वनि आहे, त्यांत वर्ण नाहीं आणि अर्थ तर नाहींच. मग तो उत्पन्न कां होतो? गणित करणारा प्रोसेसर हा भाग स्वतः मुका आहे. परंतु तो जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सारी उष्णता होऊन बाहेर पडते. ६५ वॅट घेणारा प्रोसेसर म्हणजे ६५ वॅटांची लहानशी शेगडीच समजावी. ती उष्णता काढण्यास वारा हवा, वाऱ्यास पंखा हवा, आणि पंखा फिरला कीं आवाज आला. वीज, उष्णता, वारा, आवाज, अशी ही चार कड्यांची सांखळी आहे. आम्हीं शेवटच्या कडीवर उपाय केला म्हणून फसलों. उपाय पहिल्या कडीवर करावयास पाहिजे.

ही गोष्ट नवी नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं पुरा केलेला 'टिफ्रॅक' हा आपल्या देशांतच बांधलेला आरंभींचा संगणक. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि व्हॉल्व्ह हा तापल्यावांचून कामच करीत नाहीं. आज अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अब्जावधि ट्रान्झिस्टर बसतात. एकेकाची उष्णता नगण्य खरी, परंतु नगण्यालाहि अब्जांनीं गुणिलें म्हणजे हात पोळतो.

आतां पंख्याविषयीं दोन शब्द, कारण सारी युक्ति येथेंच आहे. आवाज डेसिबलांत मोजितात, आणि डेसिबलांची बेरीज आपल्या साध्या बेरजेसारखी होत नाहीं. एक पंखा चालू असतां तसलाच दुसरा लाविला तर आवाज दुप्पट वाटत नाहीं. तो अवघा तीन डेसिबलांनीं वाढतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे कोठें कानाला दुप्पट वाटतें. उलट पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारें पंधरा डेसिबलांनीं उतरतो. म्हणजे वेगानें फिरणाऱ्या एका पंख्यापेक्षां सावकाश फिरणारे दोन पंखे बरे, आणि लहान पंख्यापेक्षां मोठा बरा. १२० मिलिमीटरच्या पंख्याचें क्षेत्र ८० मिलिमीटरच्या सव्वादोनपट भरतें. तितकाच वारा तो पुष्कळ कमी फेऱ्यांत देतो. घरांत विंझणवाऱ्याचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस हें सांगावयास नको: मोठा विंझणा संथ हालविला तर हात दुखत नाहीं, वारा पुरतो, आणि निजलेलें मूल जागें होत नाहीं.

भागांची निवड

एवढें ध्यानीं आल्यावर आम्हीं कागद घेऊन बसलों. प्रथम लिहिलें तें यंत्राचें नव्हे, घरच्या कामांचें टिपण: हिशेब, मराठी लेखन, वर्तमानपत्रें, नातीचे चित्रफितींवरील पाठ, परगांवच्या नातलगांशीं बोलणें. यांत खेळ नाहींत, चलच्चित्रें तयार करणें नाहीं. वाचकांनींहि हें टिपण आधीं करावें. दुकानांत गेल्यावर तें सुचत नाहीं.

प्रोसेसर व ग्राफिक्स. वरील कामांस स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची मुळींच गरज नाहीं. यंत्रांतील सर्वांत महाग, सर्वांत तापणारा आणि म्हणून सर्वांत बोलका भाग बहुधा हाच असतो. मोठीं कार्डें एकटीं तीनशें वॅटांवर वीज घेतात. तें गाळलें कीं पैसा, उष्णता व आवाज तिन्ही एकदम वांचतात. मात्र मग पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय प्रोसेसरमध्येंच असली पाहिजे. येथें नांवांतील अक्षरें पाहावीं लागतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाशेवटीं 'एफ' असतें त्यांत ही सोय नसते. तो चार पैशांनीं स्वस्त दिसतो म्हणून घेतला तर कार्ड विकत घ्यावें लागतें. इंटेलचा २०२२ चा आय३-१२१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर अशा घरास चांगला. एएमडीचा २०२१ चा रायझन ५ ५६००जी हा सहा गाभ्यांचा, ६५ वॅटांचा. त्यांतील 'जी' हें अक्षर चित्राची सोय असल्याची खूण आहे. आम्हीं हा दुसरा घेतला. नव्या पिढीचे प्रोसेसर यांहून वेगवान आहेत, परंतु जमाखर्चाच्या वहीस तो वेग कळत नाहीं.

कूलर. प्रोसेसरबरोबर डब्यांत एक कूलर मिळतो. तो कामास पुरतो, पण ठेंगणा असल्यामुळें जोराच्या कामांत त्याचा पंखा भरभर फिरतो. त्याऐवजीं १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उभा, उंच कूलर आम्हीं निराळा घेतला. संपूर्ण खर्चांत हा भाग अगदीं लहान, आणि शांततेच्या दृष्टीनें सर्वांत फलदायी. पाणी खेळविणारा कूलर दुकानदार आग्रहानें दाखवितात; त्यांत पंखे तर असतातच, शिवाय पाण्याचा पंप निराळा गुणगुणतो. साठ-पासष्ट वॅटांसाठीं ती यातायात नको.

साठवण. जुन्या यंत्रांतील हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेत असे. तिची कुरकुर व कंप पत्र्यास लागून सारें कपाट गुंजे. एसएसडीमध्यें फिरणारें कांहींच नाहीं, म्हणून आवाजहि नाहीं. पांचशें जीबीची एसएसडी घरास पुरते. जुनी हार्ड डिस्क आम्हीं टाकली नाहीं. तिला लहानशा पेटींत बसवून महिन्यांतून एकदां नकल उतरून घेण्यापुरती जोडतों.

पॉवर सप्लाय. दुकानांत यास 'एसएमपीएस' म्हणतात. काटकसर करणारा मनुष्य नेमका येथें चुकतो, कारण हा भाग दिसत नाहीं. येणाऱ्या विजेपैकीं कांहीं भाग हा स्वतःच उष्णता करून दवडतो. यंत्रास १०० वॅट हवे असतां याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ४३ वॅट फुकट तापतात. ८५ टक्के असली तर १८. म्हणजे हलका माल घेणारा मनुष्य पंचवीस वॅटांची उष्णता घरांत आणतो, तिच्यासाठीं पंखा फिरवितो आणि वीजबिलहि भरतो. डब्यावर '८० प्लस ब्राँझ' अशी खूण पाहावी. ती असलेला पुरवठा अर्ध्या भारावर सुमारें ८५ टक्के कार्यक्षम असतो. आंतला पंखा १२० मिलिमीटरचा असावा. सामर्थ्य किती? आम्हांस एका दुकानांत ७५० वॅटांचा गळ्यांत बांधीत होते. आमचें यंत्र भर कामांतहि सव्वाशें वॅटांच्या आंतच राहतें. ४५० वॅटांचा उत्तम प्रतीचा घेतला, तोहि गरजेहून मोठाच आहे.

कॅबिनेट. हल्लीं पुढें काळी कांच व आंत सप्तरंगी दिवे अशा पेट्यांची हौस आहे. कांच दिसते छान, पण तिच्यांतून वारा जात नाहीं. मग पंखे घशाला कोरड पडेपर्यंत धांवतात. पुढील बाजूस बारीक जाळी असलेली साधी पेटी घ्यावी. एक १२० मिलिमीटरचा पंखा पुढून हवा आंत ओढणारा व एक मागून बाहेर टाकणारा, एवढें पुरे. पंख्याच्या तारेस चार टोंचे असलेलें बोंड असावें, म्हणजे मदरबोर्डास त्याचा वेग कमीजास्त करतां येतो. जाळीआड धूळ अडविणारें वस्त्र असलें तर आमच्यासारख्या समुद्रकांठच्या गांवीं फारच बरें. येथील हवेंत ओल असते, मीठ असतें, आणि दोन्ही धुळीस चिकटवून ठेवितात.

मदरबोर्ड व रॅम. मदरबोर्ड मध्यम किंमतीचा घ्यावा. पंख्यांच्या चार टोंच्यांच्या तीन जागा, एसएसडीची खांच आणि आपल्या जुन्या पडद्यास जुळणारी जोडणी, एवढें पाहिलें कीं झालें. रॅम १६ जीबी, पण एकच पट्टी न घेतां आठ-आठच्या दोन घ्याव्यात. प्रोसेसरमधील ग्राफिक्स रॅमच वापरीत असल्यामुळें दोन पट्ट्यांनीं त्यास दुहेरी वाट मिळते. रॅम अगदीं निःशब्द असते. तिचा आवाज होतो तो बिलांत. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धीच्या मोठमोठ्या यंत्रशाळांनीं जगांतील रॅमचा मोठा हिस्सा उचलला आणि भाव कडाडले. ज्यांच्या जुन्या यंत्रांत जुळणाऱ्या पट्ट्या असतील त्यांनीं त्या काढून अवश्य वापराव्यात.

पैशाचा हिशेब

आमची मर्यादा पस्तीस हजार रुपयांची होती. मॉनिटर, कळफलक, माउस व यूपीएस जुनेच ठेवावयाचे ठरलें, म्हणून ती पुरली. वहिनींना यंत्राचें कारण आम्हीं सांगितलें नव्हतें. तरी पितृपक्षांत नवी वस्तु घरांत आणूं नये एवढें त्यांनीं बजाविलें, म्हणून घटस्थापना होईतों थांबलों. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं, २२ सप्टेंबर २०२५ रोजीं, पुष्कळ जिनसांवरील जी.एस.टी. उतरला. संगणकाच्या भागांवरील अठरा टक्के मात्र जेथल्या तेथें राहिले, हें सूनबाईनेंच आम्हांस सांगितलें. हिशेब तीच लिहिते ना!

खरेदीस आम्ही मुंबईंत लॅमिंग्टन रोडला गेलों. त्याचें हल्लींचें नांव डॉ. भडकमकर मार्ग, परंतु दुकानें जुन्याच नांवानें सांपडतात. विरारहून जलद गाडीनें मुंबई सेंट्रलला उतरावें. तेथून पायीं जातां येतें. संगतीस शेजारच्या वाडींतील एक ख्रिस्ती तरुण होता. तो आमचा जुना विद्यार्थी. पुष्कळांचीं यंत्रें जुळवून देतो. त्याचा एकच उपदेश वाचकांस सांगतों: "सर, यादी घरीं करायची आणि दुकानांत ती वाढवायची नाहीं." यादी न वाढवितां आम्हीं तीन दुकानांत भाव विचारले, प्रत्येक भागाचें पक्कें बिल व हमीचा कागद घेतला, आणि सायंकाळच्या गर्दीपूर्वीं परतलों.

खर्चाची वाटणी ढोबळ मानानें अशी झाली. प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून निम्म्याहून थोडे अधिक. उरलेल्यांत रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय व कॅबिनेट. आणि उंच कूलर सर्वांत शेवटीं, सर्वांत स्वस्त. शांततेसाठीं म्हणून खरा जादा खर्च काय झाला तो कूलरचा आणि बऱ्या पॉवर सप्लायचा. ग्राफिक्स कार्ड, कांच व दिवे यांस फांटा देऊन जें वांचलें त्यापुढें तो कांहींच नव्हे. एक बाब मात्र यादींत विसरूं नये. विंडोज १० ची निगा मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविली आहे. वाचन, लेखन व पाठ यांसाठीं लिनक्स विनामूल्य मिळतें आणि मराठीहि उत्तम लिहितें; परंतु सूनबाईचा हिशेबाचा कार्यक्रम विंडोजवरच चालतो, म्हणून नव्या विंडोजच्या परवान्याची रक्कम आम्हांस निराळी काढून ठेवावी लागली.

जुळणी आणि नंतर

जुळणी दोन तासांत झाली. नात शेजारीं बसून स्क्रू मोजीत होती. अंगांतील स्थिर विजेनें नाजूक भाग बिघडतात, म्हणून प्रत्येक वेळीं पेटीच्या पत्र्यास हात लावून मग भाग उचलावा. प्रोसेसर व कूलर यांमध्यें उष्णता वाहून नेणारा लेप वाटाण्याएवढाच घालावा; अधिक घातल्यानें अधिक थंड होत नाहीं, बाहेर मात्र ओघळतो.

यंत्र चालू झालें तेव्हां आमची थोडी निराशा झाली. आवाज कमी होता, पण होता. त्या तरुणानें हंसून बायोस उघडला व पंख्यांचा वेग तापमानाशीं कसा बांधावयाचा तें दाखविलें. कारखान्यांतून येणारी मांडणी भित्री असते. प्रोसेसर ५० अंशांवर जातांच ती पंखे पळवूं लागते. वास्तविक हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत सोसण्याजोगा बनविलेला आहे. माणसास १०४ ताप चढला तर धांवपळ करावी. यंत्रास ६५ अंश हा ताप नव्हे, तो त्याच्या कामाचा घाम आहे. म्हणून ६५ पर्यंत पंखे सावकाश व त्यापुढें हळूहळू जलद, अशी मांडणी केली. या बदलास एक पैसाहि पडला नाहीं, आणि फरक सर्वांत अधिक याचाच पडला.

राहिलेली गुणगुण टेबलाची होती. पोकळ फळीवर यंत्र ठेविलें म्हणजे फळी तबल्यासारखी घुमते. जुन्या रबरी चटईचे चार तुकडे पायांखालीं दिले, भिंतीपासून हातभर अंतर राखलें, आणि तीहि थांबली. यूपीएसचा विसर पडूं देऊं नये. रात्रीं वीज गेली कीं तो टीं-टीं करून सारें घर उठवितो. पुष्कळ यूपीएसमध्यें हा इशारा बंद करण्याची कळ असते. माहितीपत्रक वाचून ती शोधावी.

विजेच्या मापकावर पाहिलें तों लिहिण्यावाचण्याच्या वेळीं सारें यंत्र तीसएक वॅट घेतें. छताचा साधा पंखा सुमारें पंचाहत्तर घेतो. इतकी थोडी वीज, म्हणून इतकी थोडी उष्णता. आणि म्हणून आवाज काढण्याचें कारणच उरत नाहीं. दिवाळीपूर्वीं व होळीनंतर आम्ही पेटी उघडून मऊ कुंचल्यानें धूळ झाडतों. पावसाळ्यांत जाळीचें वस्त्र दर महिन्यास धुतों. जुन्या यंत्राची निम्मी घरघर ही बारा वर्षांच्या धुळीचीच होती, हें त्याचे भाग सोडवितांना समजलें. तेव्हां ज्यांस नवें घेण्याची ऐपत नसेल त्यांनीं आधीं जुन्याची धूळ झाडून, कूलरचा लेप बदलून आणि हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी घालून पाहावें. कित्येक घरांत तेवढ्यानेंच भागेल.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमचें सांगणें थोडक्यांत असें: आधीं कामांचें टिपण करावें, ग्राफिक्स कार्ड घेऊं नये, प्रोसेसर मध्यम, पण कूलर उंच घ्यावा, पॉवर सप्लायमध्यें काटकसर करूं नये, पेटी जाळीची असावी, पंखे मोठे व संथ असावेत, आणि यंत्र कपाटांत कोंडूं नये. याहून महत्त्वाची सूचना एकच. यंत्र जुळल्यावर परीक्षा आपण दिवसा उभ्यानें घेऊं नये. रात्रीं छताचा पंखा बंद करावा, घरांतील सर्वांत सावध झोंपेचें माणूस जेथें निजतें त्या अंथरुणावर स्वतः पडावें, आणि अर्धा तास ऐकावें. आम्हीं ही परीक्षा दोन वर्षें आधीं घेतली असती तर ओटीवरील तें ओलें अंथरूण टळलें असतें.

यंत्र जुळल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनी चहा घेतां घेतां म्हणाल्या, "भावजी, काल सूनबाईनें सुटी घेतली होती का?" सूनबाईनें त्या रात्रीं सव्वा वाजेपर्यंत काम केलें होतें.